जोड्याचे सामान कुजू नये म्हणून: ओल मोजण्यापासून बुरशी काढण्यापर्यंत

बुरशी लागलेला जोडा पाहिला की नवखा माणूस आधी विचारतो, यावर काय फवारू? माझे उत्तर दरवेळी तेच असते: तो जोडा कुठे ठेवला होता, ती जागा आधी दाखवा. चामडे, कापड, सुखतळा, दोरा, खळ या सगळ्यांचे कुजणे पाण्यावर अवलंबून असते. पाणी ताब्यात असेल तर औषधाची गरज क्वचितच पडते. ते ताब्यात नसेल तर कोणतेही औषध फार दिवस पुरत नाही. म्हणून या लेखात औषधे सगळ्यात शेवटी येतील. जोडे शिवायला किंवा दुरुस्त करायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी, माल साठवणाऱ्यांसाठी आणि कपाटातले चार जोड नीट टिकवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे.

पहिली पायरी: माल ओळखा

एकाच जोड्यात पाच-सहा प्रकारचा माल असतो आणि प्रत्येकाचे कुजणे वेगळे. हाताखालचा जोडा उघडून किंवा निदान आत बोट फिरवून काय काय आहे ते पाहून घ्या.

कच्चे कातडे सडते, कमावलेले चामडे सहजी सडत नाही. कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) किंवा झाडाच्या सालीतल्या टॅनिनने बांधले गेले की जिवाणूंना ते पचवणे अवघड होते. मग चामड्यावर बुरशी येते ती कशावर जगते? चामड्यात मुरवलेली तेले आणि चरबी, वर बसलेला मळ, घाम, खळीचे डाग यांवर. सुरुवातीचे कित्येक दिवस ती हा वरचा खाऊच संपवत असते, तंतूंना हात लावत नाही. वेळेत पुसलेले चामडे पूर्ववत होऊ शकते ते यामुळेच. सालीने कमावलेल्या चामड्याची मात्र जास्त काळजी घ्या. काही बुरशी टॅनिनही पचवतात, ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी त्यांतलीच. क्रोमचे चामडे तुलनेने टिकाऊ, पण ओले राहिले तर तेही सुटत नाही.

सुती कॅनव्हास, सुती अस्तर, ताग आणि पुठ्ठ्याचा सुखतळा हा सगळा सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा तंतू. इथे बुरशी थेट मालच खाते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू इतके झपाट्याने कुजू लागले की त्याचे कारण शोधण्यासाठी खास संशोधन हाती घ्यावे लागले. कुजलेल्या कॅनव्हासवरून वेगळ्या काढलेल्या एका बुरशीला पुढे ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळाले. सुती कापड विरघळवणारी तिची विकरे आज उद्योगात मुद्दाम बनवून वापरली जातात. कॅनव्हासचे जोडे ओले बांधून ठेवणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावे.

दोऱ्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. सुती दोरा चामड्याच्या कितीतरी आधी कुजतो. वरून जोडा धडधाकट दिसतो आणि सोलच्या कडेची शिवण बोटाने ओढली की उसवते. नायलॉन आणि पॉलिएस्टरचे दोरे कुजत नाहीत. ओल्या जागी वापरायच्या जोड्याला तेच घाला. तागाचा किंवा जवसाचा दोरा वापरायचाच असेल तर मेण चांगले चोळून घ्या.

रबर आणि ईव्हीए (सोलसाठी वापरला जाणारा हलका फोम) यांची फारशी चिंता नको. पॉलियुरेथेनच्या सोलबद्दल मात्र एक गैरसमज आहे. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जोड्याचा सोल एक दिवस चिकट होतो, भेगाळतो, भुगा होऊन गळतो आणि लोक म्हणतात, बुरशीने खाल्ला. बहुतेक वेळा ते काम हवेतल्या बाष्पाचे असते. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनच्या साखळ्या पाण्याने हळूहळू तुटतात. ही रासायनिक क्रिया आहे, तिला जंतू लागत नाहीत आणि जंतुनाशकाने ती थांबतही नाही. उष्ण, दमट आणि बंद जागेत ती वेगाने होते. एकदा सोल चुरू लागला की उपाय नाही, सोल बदलायचा. अप्पर, म्हणजे जोड्याचा सोलवरचा भाग, चांगले असेल तर ते जरूर वाचवा.

दुसरी पायरी: जागेची ओल मोजा

आर्द्रतामापक घ्या. साधा, छोटा, आकडे दाखवणारा पुरतो. तो भिंतीवर शोभेला न टांगता जोडे जिथे असतात तिथे, म्हणजे कपाटाच्या आत, मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीला लागून ठेवा.

बुरशीला वाहते पाणी लागत नाही. मालाच्या पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे तो आकडा) ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असले की हवेत नेहमीच असलेले बीजाणू रुजतात. आर्द्रता ९० च्या घरात गेली तर काही दिवसांतच लव दिसू लागते. जिवाणूंना याहून बरेच जास्त पाणी हवे असते, माल जवळजवळ ओलाच असावा लागतो. घामाने भिजलेल्या सुखतळ्याला आधी वास येतो आणि कोरडा वाटणारा, ठेवणीतला जोडा पांढरा पडतो, याचे कारण हेच.

खोलीचा आकडा आणि भिंतीलगतचा आकडा यांत किती फरक पडतो, हे हिशेबाने पाहा. खोलीत ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे, म्हणजे सगळे ठीक वाटते. तीच हवा थंड भिंतीजवळ किंवा फरशीजवळ २४ अंशांपर्यंत निवली की तिची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. बाष्प तेवढेच आहे, फक्त थंड हवेला ते पेलत नाही. एकाच मांडणीवरचे पुढचे जोडे स्वच्छ आणि मागचे, भिंतीला टेकलेले जोडे बुरशीने भरलेले, असे दिसते ते याच कारणाने. त्यामुळे मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे हा बिनखर्चाचा आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय आहे. खालची फळी जमिनीपासून वीतभर वर असावी.

आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. ६५ ओलांडला की हालचाल करा: कपाट उघडा, पंखा लावा, ओल शोषणारे यंत्र असेल तर चालू करा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल तेव्हा खिडकी उघडल्याने उलटच होते. उलट दिशेला फार जाऊ नका. ३० टक्क्यांच्या खाली चामडे ताठर होते आणि दुमडीवर तडकते.

तिसरी पायरी: भिजलेला जोडा वाळवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते आणि तेही घाईमुळे.

जोडा भिजून आला की नाड्या काढा, जीभ बाहेर ओढा, सुखतळा सुटा असेल तर काढून वेगळा ठेवा. चिखल असेल तर आधी साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या, कारण मळ हाच बुरशीचा पहिला घास. मग कोरड्या फडक्याने दाबून पाणी टिपा. चोळू नका.

आत कागद भरा, पण ठासून नको. पंजापर्यंत पोचेल आणि आकार धरून ठेवेल एवढाच. फिक्या अस्तराला छापील कागदाची शाई लागते, तिथे कोरा कागद घ्या. पहिला कागद तासा-दोन तासांत ओला होतो. तो बदलला नाही तर तुम्ही जोड्यात ओला बोळा कोंबून ठेवला आहे, असे समजा. पहिल्या दिवशी कागद तीन-चारदा बदलावा लागतो. पाणी बरेचसे उतरले की कागद काढून लाकडी फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) घाला आणि जोडा कुशीवर ठेवा, म्हणजे सोललाही खालून हवा लागते.

उष्णता द्यायची नाही. पंख्याची हवा द्या, सावली द्या, तापमान ४० अंशांच्या आत ठेवा. ओल्या चामड्याला कोरड्यापेक्षा उष्णता खूपच कमी सोसते. सालीने कमावलेले ओले चामडे ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसते आणि ते पुन्हा सैल होत नाही. त्याहून कमी उष्णतेतही झटकन वाळताना आतले तेल पृष्ठभागाकडे ओढले जाते, अप्पर कडक होते, चिकटवलेले जोड सुटतात. कडक उन्हात रंगही उडतो. घटकाभर कोवळे ऊन कॅनव्हासला चालेल, चामड्याला सावलीच बरी.

जोडा वाळला हे कसे ओळखायचे? हात लावून कळत नाही, कारण वरचा भाग आधी वाळतो आणि पंजाच्या टोकाशी, दोन थरांच्या मध्ये ओल दडून बसते. त्यासाठी वजनकाटा वापरा. जोडा नवा किंवा पूर्ण कोरडा असताना एका पायाच्या जोड्याचे वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. भिजल्यावर वाळवताना रोज वजन करा. मूळ आकड्याच्या पाच-दहा ग्रॅम जवळ आले आणि दोन दिवस स्थिर राहिले की वाळला म्हणायचे. जाड चामड्याच्या बुटाला यासाठी तीन-चार दिवसही लागतात. तोवर पॉलिश, तेल, मेण काही लावायचे नाही. वर मेणाचा थर बसला की आतली ओल आतच कोंडते.

रोजच्या घामालाही हाच नियम लागू आहे. दोन्ही पायांवर मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात आणि दिवसभराचा घाम रात्रीतून पूर्ण निघून जात नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाला पूर्ण दिवसाची विश्रांती मिळते. कुबट, आंबट वास येऊ लागला तर तो घामाचा नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातली आणि मृत त्वचेतली द्रव्ये पचवून जी आम्ले सोडतात, त्यांचा तो वास. खाण्याचा सोडा रात्रभर आत टाकून सकाळी झटकला तर ही आम्ले मारली जातात आणि वास उतरतो, जिवाणू मात्र तिथेच राहतात. म्हणून सुखतळा बदलता येण्याजोगा असेल तर बदला, धुता येण्याजोगा असेल तर धुऊन पूर्ण वाळवा.

चौथी पायरी: ठेवणीत टाकताना

ठेवायचा जोडा स्वच्छ आणि कोरडा असला पाहिजे. वापरलेला जोडा तसाच पेटीत टाकला तर मळ आणि घाम या दोन्ही गोष्टी आपण बुरशीला वाढून ठेवतो. तेलकट द्रव्ये सढळ हाताने लावून ठेवू नका. जनावरांच्या चरबीची आणि पायांच्या हाडांतून काढलेली तेले चामडे मऊ ठेवतात हे खरे, पण दमट जागी ती बुरशीचे खाद्य होतात. ठेवणीपूर्वी मेणाच्या पॉलिशचा पातळ हात पुरे.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. सुती पिशवी किंवा भोके असलेली पुठ्ठ्याची पेटी चांगली. महिन्यातून एकदा उघडून पाहा, विशेषतः जिभेची खालची बाजू, शिवणीच्या रेषा आणि टाचेचा आतला कोपरा.

सिलिका जेलबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. हे दाणे फार दमट हवेत आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी धरतात. म्हणजे ५ ग्रॅमच्या पुडीत दीडेक ग्रॅम पाणी मावते. भिजलेल्या जोड्यात १०० ग्रॅम पाणी सहज असते, तिथे ही पुडी काहीच करू शकत नाही. उघड्या कपाटातही ती एका दिवसात भरते. कोरडा जोडा घट्ट बंद डब्यात ठेवला असेल तरच तिचा उपयोग. भरलेले दाणे ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. रंग बदलणारे निळे दाणे कोबाल्ट क्लोराइडने रंगवलेले असतात आणि ते द्रव्य आरोग्याला घातक आहे, त्याऐवजी नारिंगी दाणे घ्या. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल खूप ओढतात, पण खाली साठणारे खारे पाणी चामड्यावर सांडले तर तो डाग ओलाच राहतो. असे डबे जोड्यांच्या वर कधीही ठेवू नका.

डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. त्या किड्यांसाठी असतात, शिवाय त्यांची वाफ माणसालाही चांगली नाही.

काम करणाऱ्यांसाठी थोडेसे

जोडे शिवणारे लोक सालीचे चामडे आकार देण्यासाठी ओले करून प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, म्हणजे ओल सारखी मुरते. रात्रभर ठीक आहे. त्यापुढे ते तसेच राहिले तर गरम हवेत दोन-तीन दिवसांत ठिपके पडतात आणि सालीच्या चामड्यावरचे ते ठिपके निघत नाहीत. काम लांबले तर तुकडा उघडून वाळू द्या, नंतर पुन्हा भिजवा. टाचेत आणि पंजात कडक तुकडे बसवायला खळ वापरत असाल तर ती रोज ताजी करा. आंबट वास आलेली खळ टाकून द्या, कारण ती दोन थरांमध्ये जाऊन बसते आणि तिथे तुमचे फडके पोचणार नाही. फर्म्यावरून जोडा उतरवण्याआधी आणि अस्तर बंद करण्याआधी आतली ओल पूर्ण जाऊ द्या. चामड्याचे गठ्ठे जमिनीवर ठेवू नयेत. ते फळ्यांवर, हवा खेळेल असे ठेवावेत आणि जुना माल आधी वापरावा.

पाचवी पायरी: पांढरे दिसले ते काय?

पांढरे दिसणारे सगळेच बुरशी नसते आणि चुकीच्या निदानावर केलेला उपाय जोडा बिघडवतो. तीन गोष्टी सारख्या दिसतात.

चामड्यातली चरबी थंडीत वर येऊन धुक्यासारखा सपाट पांढुरका थर धरते. केस वाळवायच्या यंत्राची मंद, कोमट हवा लांबून दिली की हा थर वितळून नाहीसा होतो. मऊ फडक्याने पुसा, झाले.

घामातले किंवा रस्त्यावरचे मीठ वाळताना वर येते. त्याच्या वेड्यावाकड्या कडा असलेल्या रेषा पडतात, हाताला खरखरीत लागतात आणि ओल्या फडक्याने विरघळतात. जोडा वाळल्यावर त्या परत दिसल्या तर मीठ अजून आत आहे, पुन्हा पुसा.

बुरशी ठिपक्याठिपक्यांनी, गोलसर वाढते. भिंगातून पाहिले की लव दिसते आणि तिचा रंग पांढऱ्यावरून हिरवट, राखाडी, काळा होत जातो. ती उष्णतेने वितळत नाही, वास कुबट असतो आणि शिवणीच्या आधाराने ती पसरते. पितळी किंवा तांब्याच्या आयलेटभोवती (नाडीच्या भोकाची धातूची कडी) जमणारा हिरवा, मेणचट थर मात्र बुरशी नव्हे. चामड्यातल्या स्निग्ध आम्लांची धातूशी क्रिया होऊन तो बनतो. लाकडी काडीने खरवडा आणि पुसून घ्या.

सहावी पायरी: बुरशी काढणे

बुरशीचा जोडा आधी बाकीच्यांपासून दूर करा. काम घराबाहेर करा, नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातमोजे घाला. दमा असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजाणू उधळतात. किंचित ओलसर फडक्याने एकाच दिशेने पुसा, फडके दर पुसण्याला घडी बदलून स्वच्छ बाजूने वापरा आणि शेवटी फेकून द्या. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल दुसऱ्या फडक्यावर घेऊन पृष्ठभाग, शिवणी, जीभ, आतले अस्तर पुसा. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचे जास्त काम करते, कारण त्यातले पाणी पेशीतली प्रथिने निकामी करायला मदत करते. मात्र अल्कोहोलने रंग आणि चकाकी उतरू शकते. आधी जिभेच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. चकचकीत पेटंट चामड्यावर ते वापरूच नका. थेट जोड्यावर ओतू किंवा फवारू नका आणि जवळ ज्योत नको. सगळे बीजाणू यानेही मरत नाहीत, म्हणून पुसल्यावर पुन्हा तिसऱ्या पायरीप्रमाणे पूर्ण वाळवायचेच.

ब्लीच चामड्याला लावायचे नाही, ते तंतूच खाते. रंगीत कॅनव्हासचीही तीच गत. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे या दोन बाटल्या एका वेळी हाताशी ठेवूच नका. ओझोनच्या यंत्राने वास जातो, पण ओझोन रबराला चिरा पाडतो.

साफ केल्यावर पिवळट किंवा काळपट डाग उरले तर निराश होऊ नका. बुरशीचा रंग तंतूंत मुरलेला असतो, बुरशी जिवंत असेलच असे नाही. जोडा दोन आठवडे वेगळा, कोरड्या जागी ठेवा. नवी लव आली नाही तर पातळ पॉलिश करून वापरायला घ्या. सुखतळा पुठ्ठ्याचा असेल आणि बुरशी त्यात शिरली असेल तर तो वाचवत बसू नका, नवा घाला.

सातवी पायरी: औषधे, आणि ती कुठे थांबवायची

चामडे कमावताना कारखान्यातच बुरशीनाशके मुरवली जातात, कारण ओल्या अवस्थेतले चामडे आठवडेच्या आठवडे गठ्ठ्यात पडून असते. ती कालांतराने कमी होतात. विकत घेताना पुरवठादाराला विचारा की कोणते द्रव्य वापरले आहे. पूर्वी यासाठी पेंटाक्लोरोफेनॉल सर्रास चाले. ते माणसाला आणि पर्यावरणाला इतके घातक ठरले की २०१५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत त्याचा समावेश झाला. कुणी जुन्या साठ्यातले देऊ केले तरी घेऊ नका.

‘जंतुरोधक’ असे लिहिलेले अस्तर किंवा सुखतळा घेताना तो दावा कशाबद्दल आहे ते वाचा. पादत्राणांसाठीचे आयएसओ १६१८७ हे मानक जिवाणूंविरुद्धचा परिणाम मोजते. त्यात उत्तीर्ण झालेला माल वास कमी करील, पण बुरशी रोखेलच असे त्यावरून म्हणता येत नाही.

सगळ्यात सावध राहायचे ते पेटीत आलेल्या निनावी पुड्यांपासून. बुरशी रोखण्यासाठी डायमिथिल फ्युमरेटच्या पुड्या जोड्यांत आणि सोफ्यांत घातल्या जात. त्याची वाफ चामड्यात मुरून पुढे वापरणाऱ्यांच्या अंगावर तीव्र पुरळ आणि भाजल्यासारखे चट्टे उठले. युरोपीय संघाने २००९ मध्ये अशा वस्तूंवर बंदी घातली आणि मालातली मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेले नसेल तर ती फोडू नका, जोड्यातून काढून बंद पिशवीत टाकून द्या. नवा जोडा घातल्यावर पायावर त्याच्याच आकाराचे लाल चट्टे उठले तर तो घालणे लगेच थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना जोडा सोबत न्या.